पाठमोऱ्या

लिंकनहून बॉस्टनपर्यंत एकोणपन्नास किलोमीटर,
आणि सगळी वाट पाठमोरी.
वल्हवणारीला पुढचं दिसत नाही,
जे मागे पडलं तेच दिसतं :
टेकडीवरचं कॅथेड्रल, सुटताना डोंगराएवढं,
वॉशिंगबरोपाशी घराएवढं,
बार्डनीच्या कारखान्यापर्यंत
मिठाच्या डबीएवढं.

पुढचं बघते ती फक्त ऑस्तेया.
वय चौदा. आई कोबीच्या शेडमध्ये रात्रपाळीला.
घर मूळचं लिथुआनियातलं, शिव्या अस्सल इथल्या.
सुकाणूच्या दोऱ्या धरून ती आमच्याकडे तोंड करून बसते
आणि ओरडते, "मर्टल, झोपलीस का?"
मर्टल बासष्ट वर्षांची. गुमान जोर लावते.
ती माझ्या मागे आहे, मला दिसत नाही,
फक्त तिचा श्वास मानेवर येतो, पेपरमिंटचा.

माझ्या पुढ्यात ग्वेंडाची पाठ.
मार्चपासून आम्ही बोलत नाही.
क्लबची जुनी लाकडी नाव,
जिच्यात मी वल्हं धरायला शिकले,
तिने साठ पौंडांना पबवाल्याला विकली.
आता ती त्याच्या दारात पडून असते
पोटात माती आणि पेटुनिया घेऊन.
तेव्हा मी ग्वेंडाकडे पाठ फिरवली.
चांगली जिरली माझी :
आज साडेपाच तास तिचीच पाठ.

तिच्या बनियनचं लेबल बाहेर आलं आहे,
थंड पाण्यात धुवा, पिळू नका.
मानेवर तीळ. डावा खांदा उजव्याच्या आधी उचलतो.
घामाचा नकाशा आधी एक बेट होता, मग जिल्हा.
दहा किलोमीटरांत
तिची पाठ मला पाठ झाली.
ती वाकते, मी वाकते.
तिची पाती पाण्यात शिरतात त्याच क्षणी माझी.
मनात अढी असली तर
नाव लगेच चहाडी करते, एका अंगाला कलते,
आणि ऑस्तेया माझंच नाव घेते.

बार्डनीच्या लॉकला नाव पाण्याबाहेर काढून
खांद्यावर पलीकडे न्यायची असते.
गुडघे सरळ होईनात.
नोरीनने केळं सोलून कुणाला दिलं ते तिलाही आठवत नाही.
ग्वेंडाने माझा तळवा उलटा केला.
"फोड फुटलेत," म्हणाली. सहा महिन्यांतले पहिले दोन शब्द.
दातांनी चिकटपट्टी तोडली, गुंडाळली.
"घट्ट नको," मी म्हटलं.
तिने घट्टच गुंडाळली.

पुढे नदीला वळणच नाही.
दोन्हीकडे बांध, बांधावर गवत, गवतावर आभाळ.
कर्कस्टेडच्या पुलावर एका म्हाताऱ्याने
तव्यावर चमचा बडवून आम्हाला हाकललं.
टॅटरशॉलपाशी लढाऊ विमान गेलं :
आमचा अख्खा दिवस
त्याने एका शिंकेत कापला.
बगळा होता, तो मान वळवून पुन्हा माशाकडे बघू लागला.
कॅथेड्रल कधी बुडालं, कळलं नाही.
दिसायला आता फक्त आमचीच पाण्यावरची भोवरे-भोवरे पावलं,
आणि तीळ.

मग ऑस्तेयाचे डोळे बदलले.
"स्टंप दिसला."
बॉस्टनचा चर्चचा मनोरा. सगळ्या तालुक्यात उंच,
आणि लोक त्याला म्हणतात खुंट.
वळून बघायचं नाही, वळलीस की नाव उलटलीच.
"केवढा?" ग्वेंडाने विचारलं.
"काडीएवढा."
अर्ध्या तासाने मी विचारलं.
"काडीच."
मर्टलने मागून एक शिवी दिली, ती ऑस्तेयाकडूनच शिकलेली.
त्यानंतर कुणी विचारलं नाही.
आम्ही त्या पोरीच्या चेहऱ्यावर मनोरा वाढताना बघत राहिलो.

रेघ ओलांडली तेव्हा भोंगा वाजला,
नंबर खालून चौथा.
वल्ही आडवी झाली, पाणी टिपटिपत राहिलं.
सगळ्याजणी वळून मनोऱ्याकडे बघत होत्या.
ग्वेंडाही वळली, पण माना आखडलेल्या,
ती अर्ध्यातच अडकली, माझ्यापर्यंत.
लाल चेहरा, ओठांवर मीठ.
"पेटुनिया सुकल्यात," ती म्हणाली.

"नावेत पाणी घालायचं," मी म्हटलं,
"कुणाच्या मनात येणार?"